उत्तम तायडेचा जोडीदार

“हे पहिलं नाव काढून टाका,” मॅनेजर म्हणाले.

अकोल्याच्या एका कापडगिरणीच्या ऑफिसात आम्ही तिघं बसलो होतो. गिरणीचे मॅनेजर, आमच्या विभागाचे प्रमुख पाटणकर सर आणि मी. टेबलावर आम्ही निवडलेल्या आठ कामगारांची नावं होती. ज्याला चाचणीत सगळ्यात जास्त गुण, तो सगळ्यात वर.

“पहिलं?” सर म्हणाले. “अहो, उत्तम तायडे तर सगळ्यांत सरस निघाला. मॅट्रिक झालेला आहे. बोटांच्या चाचणीत त्याच्या जवळपास कोणी नाही.”

“हुशार आहे, मला माहीत आहे. राहू द्या सूतखात्यात. विणकामात नको.”

“का पण?”

मॅनेजरांनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग सरांकडे. “तुम्ही अमरावतीचेच ना? मग मला कशाला विचारता?”

कळलं. धर्मांतराला तेव्हा पाच-सहा वर्षं झाली होती. तायडे पातूरकडचा, बौद्ध. सूतखात्यात त्याच्या समाजाची माणसं होती. विणकाम खात्यात एकही नव्हता, आणि कधीच नव्हता.

मी तेव्हा अमरावतीच्या एका कॉलेजात मानसशास्त्राची लेक्चरर होते. कामगारांचं प्रशिक्षण आणि गटानं काम करणं या विषयासाठी विद्यापीठानं आमच्या विभागाला एक छोटी लॅब दिली होती. लॅब म्हणजे दोन खोल्या. एकीत टेबलं, दुसरीत उपकरणं. दिवा लागल्यापासून बटण दाबेपर्यंत माणसाला किती वेळ लागतो ते मोजायचं एक यंत्र होतं. बारीक भोकांत चिमट्यानं पिना बसवायची एक पाटी होती. तिच्यावरून बोटांची चपळाई कळायची. गिरणीत नवीन माग आले होते आणि ते चालवायला विणकर नव्हते. इतर खात्यांतून माणसं निवडून शिकवायची ठरली. निवड शास्त्रीय व्हावी म्हणून आम्हाला बोलावलं होतं. पाटणकर सरांना याचं फार अप्रूप होतं. आमचं शास्त्र पहिल्यांदाच वर्गाबाहेर पडत होतं.

“अडचण काय आहे ते एकदा डोळ्यांनी बघून या,” मॅनेजर म्हणाले आणि त्यांनी नामदेव जॉबरला बोलावलं. जॉबर म्हणजे विणकरांच्या वरचा माणूस. माग बिघडला तर तो लावून देतो, आणि खात्यात कोण बसणार हेही बरंचसं तोच ठरवतो. नामदेव पन्नाशीचा, अंगानं आडवा, हिवरखेडचा. गावी त्याची थोडी शेती होती आणि बोलण्यात कसलाच आडपडदा नव्हता.

विणकाम खात्यात शिरलं की कानात बोटं घालावीशी वाटतात. शेकडो माग एकदम चालतात. हवेत कापसाची लव उडत असते. नामदेवनं एक माग थांबवला आणि मला धोटा दाखवला. धोटा म्हणजे होडीच्या आकाराचा लाकडी तुकडा. त्याच्या पोटात सुताची कांडी बसते. मागावर ताणलेल्या उभ्या धाग्यांमधून तो डावी-उजवीकडे पळतो आणि आडवा धागा टाकत जातो. कांडी संपली की दुसरी बसवायची आणि तिचं टोक धोट्याच्या बाजूच्या बारीक भोकातून बाहेर काढायचं.

“ते कसं काढायचं?” मी विचारलं.

नामदेवनं धोटा तोंडाला लावला, भोकावर ओठ ठेवून जोरात श्वास ओढला, आणि धागा त्याच्या ओठांत आला.

“असं. दिवसभर हेच. आन् पाळी बदलली का हाच धोटा दुसऱ्याच्या तोंडात. आता सांगा बाई, कोन लावन?”

गिरणी दोन पाळ्यांत चालायची. एका विणकराचे माग दुसऱ्या पाळीत दुसरा विणकर चालवायचा. अशा दोघांना जोडी म्हणत. धोटा मागाबरोबर राहायचा, म्हणून जोडीदाराची लाळ जोडीदाराच्या तोंडी जायची. विणकाम खात्याचं दार तायडेसारख्यांना का बंद होतं, ते मला एका श्वासात समजलं. मी ब्राह्मण घरातली. अशी दारं मी लहानपणापासून पाहत आले होते. पण दार इतक्या लहान भोकाचं असेल असं वाटलं नव्हतं.

परतीची पॅसेंजर आम्ही पकडली. बडनेरा जवळ आलं तसे सर एकदम सरळ बसले.

“मालतीबाई, हा मानसशास्त्राचा प्रश्नच नाही. हा तारेचा प्रश्न आहे! तोंड लावायचंच कशाला? बारीक आकडा घालायचा आणि धागा ओढून घ्यायचा.”

मलाही ते पटलं. खरं तर मला हायसं वाटलं. आमच्या लॅबच्या मिस्त्रीनं पोलादी तार वाकवून आकडे केले. लाकडी मूठ बसवली. सुरुवातीला धागा ओढायला तोंडापेक्षा जास्त वेळ लागायचा. सरावानं फरक कमी झाला. आम्ही आकडे घेऊन मॅनेजरांकडे गेलो. त्यांनाही माग बंद राहणं परवडणारं नव्हतं. ते म्हणाले, “ठीक आहे. आठही जणांना शिकवा. मग बघू.”

प्रशिक्षण गोदामाशेजारच्या शेडमध्ये चाललं. दोन माग होते. मी आठवड्यातून दोनदा अकोल्याला जायची. आठही जण आकडा वापरत, त्यामुळे कोणाच्या तोंडाचा प्रश्न आला नाही. दोघादोघांच्या गटानं शिकायचे. एकाचा धागा तुटला की दुसरा धावायचा. मी टिपणं काढायची आणि खूश व्हायची.

तायडे बावीस-तेवीस वर्षांचा होता. उंच, शिडशिडीत. सदरा रोज धुतलेला. इतर मुलं मला पाहून उभी राहत. तो हातातलं काम पुरं करून मगच उभा राही. एकदा मी विचारलं, “सूतखातं सोडून विणकामच का हवं तुम्हाला?”

“सूतखात्यात माहा बाप म्हातारा झाला, बाई. मशीन पुसून पुसून. विनकर म्हनजे कारागीर. त्याले कोनी ‘ए’ म्हनून हाक मारत नाई.”

“आता आकडा आलाय. आता काही अडचण येऊ नये.”

तो हसला. “आकडा चांगला हाये,” इतकंच म्हणाला. त्या हसण्याचा अर्थ मी टिपणात लिहिला नाही, कारण मला तो कळला नव्हता.

शिक्षण संपलं. आता आठ जणांना जुन्या विणकरांबरोबर जोड्या लावायच्या होत्या. त्यासाठी आमच्याकडे एक पद्धत होती. प्रत्येकाला एकट्याला बोलावून विचारायचं, तुला कोणाबरोबर काम करायला आवडेल? उत्तर दुसऱ्या कोणाला कळू द्यायचं नाही. मग त्यावरून जोड्या पाडायच्या. यात गुप्तपणा हाच सगळा मुद्दा असतो. तो गेला की माणूस मनातलं सांगत नाही, चारचौघांत शोभेल ते सांगतो.

पण मालक मुंबईहून येणार होते. कॉलेजच्या संस्थेचे दोन सभासदही येणार होते. सरांना वाटलं, सगळ्यांसमोर प्रात्यक्षिक करावं. आठही मुलं ओळीनं उभी करायची, एकेकानं आकड्यानं धागा ओढून दाखवायचा, आणि जुन्या विणकरांपैकी ज्याला तो जोडीदार म्हणून हवा असेल त्यानं पुढे यायचं.

“सर, हे उघड्यावर नको,” मी म्हणाले. “आधी एकेकाला विचारू.”

“अहो, त्यात काय नाट्य राहील? आणि एकदा सगळ्यांसमोर कोणी पुढे आला की बाकीच्यांची भीड चेपते. गटाचा परिणाम! तुम्हीच शिकवता ना वर्गात?”

मी शिकवत होते, म्हणून गप्प बसले.

पाळी बदलायच्या वेळेला माग थांबवले. दोन्ही पाळ्यांचे विणकर गोळा झाले. एरवी त्या खात्यात ओरडूनही ऐकू येत नसे. त्या दिवशी कोणी खोकलं तरी ऐकू येत होतं. सरांनी छोटं भाषण केलं. गट, सहकार्य, नवा भारत. पाहुण्यांनी माना डोलावल्या. मग पहिल्या मुलानं धागा ओढून दाखवला. गर्दीतून एक जण पुढे आला आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवून बाजूला उभा राहिला. टाळ्या झाल्या. दुसरा. तिसरा. असे सात झाले.

तायडेला सरांनी मुद्दाम शेवटी ठेवलं होतं. सगळ्यांत हुशार, म्हणून शेवटी. त्यानं आकडा घातला आणि एका झटक्यात धागा बाहेर काढला. इतक्या सफाईनं त्या दिवशी कोणीच काढला नव्हता. मग तो धोटा हातात धरून समोर पाहत उभा राहिला.

कोणी आलं नाही.

सर हसले. “या, या. लाजू नका.”

कोणी हललं नाही. मालकांनी घड्याळाकडे पाहिलं. मॅनेजर खाली बघत होते. शेवटी सर नामदेवला म्हणाले, “जॉबर, आता काय अडचण आहे? तोंड लावायचा प्रश्न तर मिटला.”

“आकडा हाये, साहेब,” नामदेव म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता. हवामान सांगावं तसं तो सांगत होता. “पन मानूस तं थोच हाये ना?”

मागून कोणीतरी फिसकन हसलं.

तायडे तसाच उभा होता. त्याचा चेहरा काही सांगत नव्हता. धोटा धरलेल्या हाताची बोटं मात्र पांढरी पडली होती. चाचणीत पहिली आलेली बोटं. त्या माणसाला तिथे आम्ही उभं केलं होतं. तो मागायला आला नव्हता. आम्ही चाचणी घेतली, आम्ही नाव निवडलं, आम्ही शेकडो माणसांसमोर त्याला ठेवलं आणि कोणाला हा हवाय का म्हणून विचारलं. बाजारात ठेवतात तसं.

मला काय करावं कळेना, म्हणून जे सुचलं ते केलं. पुढे गेले, त्याच्या हातातून धोटा घेतला, धाग्याचं टोक पुन्हा आत ढकललं, भोकावर ओठ ठेवले आणि श्वास ओढला.

धागा आलाच नाही. लव आली. ती थेट घशात गेली आणि मला जोराचा ठसका लागला. डोळ्यांतून पाणी यायला लागलं. आधी दोघं-तिघं हसले, मग सगळं खातं हसलं. सर “पाणी, पाणी” म्हणत होते. त्या गोंधळात तायडेनं माझ्या हातातून धोटा काढून घेतला, नीट मागावर ठेवला आणि गर्दीतून वाट काढत बाहेर निघून गेला.

पाहुणे चहाला गेले. चहाच्या टेबलावर माझ्या धाडसाचं कौतुक झालं. एक सभासद म्हणाले, “बाईंनी आज आपल्या कॉलेजची शान राखली.” मी कप तसाच ठेवून उठले.

दोन दिवसांनी मी एकटीच अकोल्याला गेले. दुपारच्या सुट्टीत तायडे गिरणीच्या फाटकाबाहेर कडुलिंबाखाली डबा खात होता. मला पाहून त्यानं डबा झाकला. मी म्हणाले, “तुमची माफी मागायला आले.”

“कायची?”

“त्या दिवशी जे झालं त्याची.”

“तुमी तं तोंड लावलं धोट्याले. बरं केलं. लोक बोलून राह्यले अजून.” तो थांबला. “पन बाई, तुमची गाडी संध्याकाळी जाते. मले इथंच राह्यचं हाये. तुमी तोंड लावलं तं तुमच्यासंगं उद्या काम कराले कोनाले बसायचं नोतं. मंग त्याचं मले काय?”

मीही कडुलिंबाखाली खाली बसले.

“एक इचारू?” तो म्हणाला. “तुमाले त्या दिवशी काय पाह्यचं होतं?”

“कोणी पुढे येतं का ते.”

“थे तं मले पयलेच माहीत होतं. कोनी येनार नाई. मले इचारलं असतं तं ऑफिसात बसूनच सांगतलं असतं. एवढ्यासाठी मले उभं काहून केलं?”

तीन महिने मी त्याला बटणं दाबायला लावली, पिना बसवायला लावल्या, त्याचे गट पाडले, त्याच्यावर पानंच्या पानं लिहिली. त्याच्या गिरणीत काय होईल, हे मात्र त्याला एकदाही विचारलं नाही. मान खाली घालून मी म्हणाले, “चुकलं आमचं.”

“चुकलं म्हनून झालं नाई,” तो म्हणाला. “आता मले मागावर बसवा.”

अमरावतीला आले ती तडक सरांच्या घरी गेले. सर अहवाल लिहीत होते. आठपैकी सात उमेदवारांची जोडी यशस्वीपणे लागली, असं त्यात होतं. आठवा ‘वैयक्तिक कारणास्तव’ बाहेर पडला होता.

“सर, कोणतं वैयक्तिक कारण?”

त्यांनी चष्मा काढला. “मालतीबाई, मालक आपल्या संस्थेला मदत करतात. लॅब अजून कोवळी आहे. सात माणसं बसली हे काय कमी आहे?”

“सातही जणांना अजून आपलं प्रमाणपत्र दिलेलं नाही,” मी म्हणाले. “ते असल्याशिवाय गिरणी त्यांना मागावर बसवणार नाही, आणि त्यावर दोन सह्या लागतात. आठव्याला वगळून माझी सही मिळणार नाही.”

सरांनी पेनाचं टोपण लावलं. मला वाटलं, आता नोकरी गेली. मग ते हळूच म्हणाले, “त्याला शेवटी ठेवायची कल्पना माझी होती. मला वाटलं होतं, त्याच्या वेळेला सगळ्यात मोठ्या टाळ्या पडतील.” त्यांनी अहवालाचं पान काढून बाजूला ठेवलं. त्यांच्याकडे पाहवत नव्हतं. वर्गात भल्याभल्यांना घाम फोडणारा माणूस तो.

तायडेला माग मिळाल्याशिवाय कोणालाच प्रमाणपत्र नाही, असं मॅनेजरांना आम्ही दोघांनी मिळून सांगितलं. ते चिडले. माग बंद होते, माल मागणारे दारात होते. पण एका गोष्टीवर ते ठाम राहिले. “मी कोणावर जबरदस्ती करणार नाही. उद्या खातं बंद पाडतील. जोडीदार आणा, मी माग देतो.”

जोडीदार कुठून आणायचा? ऑफिसातून बाहेर आलो तर व्हरांड्यात एक म्हातारा विणकर उभा होता. गफूरचाचा. बाळापूरचा. त्याच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या हातमाग होते. ते बंद पडले म्हणून तो गिरणीत आला होता. त्याच्या जोडीदारानं नुकतीच नोकरी सोडली होती.

“बाई, उस दिन मैं भी पीछे खड़ा था,” तो म्हणाला.

मी त्याच्याजवळ गेले.

“आगे नहीं आया। सोचा, सब चुप हैं, मैं अकेला मुसलमान पहले कैसे बोलूँ। घर गया तो रोटी नहीं उतरी।” त्यानं टोपी सारखी केली. “लड़के का हाथ अच्छा है। मेरे साथ बिठा दो।”

सर म्हणाले, “चाचा, लोक तुम्हालाही बोलतील.”

“बोलने दो। मेरी उमर हो गई सुन सुन के।”

मी या वेळी आधी तायडेला विचारलं. “चाचा चालते,” तो म्हणाला. “पन समोर उभं नाई राह्यचं. कोनी पाहुने नाई, टाळ्या नाई. सोमवारी पाळीवर जातो, सीधा.”

तसंच झालं. एका सोमवारी तो पाळीवर गेला आणि मागावर उभा राहिला. मी त्या दिवशी अकोल्याला गेले नाही. त्यानंच नको म्हटलं होतं.

पुढची हकिगत सरळ नाही. नामदेव जॉबर त्याचा माग बिघडला की मुद्दाम उशिरा यायचा. पाणी प्यायला तायडे पार सूतखात्यापर्यंत जायचा. गफूरचाचा तापानं आजारी पडला तेव्हा त्याच्या जागी आलेला बदली विणकर स्वतःचा धोटा पिशवीतून घेऊन आला आणि काम झाल्यावर परत घेऊन गेला. आमचा तारेचा आकडा त्या दोघांनी पहिल्याच आठवड्यात टाकून दिला. धागा ओढायला वेळ लागतो म्हणून दोघंही तोंडच लावत. मी त्यावरून एकदा चाचाला छेडलं तर तो म्हणाला, “आकडा तो उनके लिए था, बाई, हमारे लिए थोड़ी।”

बाकीचे सात नवे विणकर सगळेच टिकले असं नाही. दोघं परत आपल्या जुन्या खात्यात गेले. तायडे टिकला. साठचं दशक संपायच्या आत त्याच्या समाजाचे आणखी काही जण विणकामात आले. पहिल्याला त्यानं आपल्या मागावर शिकवलं. नामदेव मात्र निवृत्त होईपर्यंत बदलला नाही. त्याच्याबद्दल काही गोड सांगता आलं असतं तर बरं झालं असतं.

अहवालात आम्ही जे झालं ते लिहिलं. आकड्यानं प्रश्न सुटेल असं आम्हाला वाटलं होतं; धोट्याला तोंड लावणं ही फक्त सबब होती; ती दूर केल्यावर खरी गोष्ट उघडी पडली आणि तिचा मार एका माणसाला बसला. विद्यापीठाकडून उलट टपाली शेरा आला की, निष्कर्ष शास्त्रीय भाषेत लिहावेत. सरांनी तो शेरा फाइलला लावला आणि अहवालात एक शब्द बदलला नाही. मला त्यांच्याबद्दल पुन्हा आदर वाटायला लागला तो तेव्हापासून.

नंतर मी पुष्कळ वर्षं लॅब चालवली. विद्यार्थी प्रयोगाचा आराखडा घेऊन आले की उद्देश, पद्धत, उपकरणं सगळं झाल्यावर मी त्यांना आणखी एका प्रश्नाचं उत्तर लिहायला लावत असे: हा प्रयोग फसला, तर फटका कोणाला बसेल? बहुतेक मुलं पेन थांबवून छताकडे बघत बसायची. उत्तरात त्यांचं स्वतःचं नाव कधीच येत नसे. मग मी म्हणायची, ज्याचं नाव येतंय त्याला आधी जाऊन विचारून या.